दुःखाला मुदत नसते, दाव्याला असते

29 नोव्हेंबर 2024 चा शुक्रवार. भंडाऱ्याहून गोंदियाला निघालेली शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यात उलटली आणि 11 जणांचा जीव गेला. कितीतरी प्रवासी जखमी झाले. गाडी आपल्याच जिल्ह्याच्या स्टँडवरून सुटलेली, त्यामुळे इकडे पवनी, अड्याळ, कोंढा या पट्ट्यातही बरेच दिवस तोच विषय होता. सरकारने मृतांच्या वारसांना 10 लाखांची मदत जाहीर केली. पेपरात फोटो आले, चौकशीच्या बातम्या आल्या. मग राज्यात नवं सरकार येण्याच्या धामधुमीत ती बस मागे पडली.

पण मैत्रिणींनो, त्या अपघाताला जोडलेली आणखी एक तारीख होती. 29 मे 2025. मोटार वाहन कायद्यात लिहिल्याप्रमाणे त्या अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा दाखल करायची सहा महिन्यांची मुदत तेव्हा संपत होती. मदत जाहीर झाल्याचं गावभर कळतं. ही दुसरी तारीख मात्र ज्या घरातला माणूस गेला त्या घरालाही बहुतेक वेळा ठाऊक नसते. आज मला त्याच तारखेबद्दल बोलायचं आहे, कारण ती चुकल्याचा सगळ्यात जास्त फटका बाईला बसतो.

आधी एक घोळ मिटवूया. अपघात झाला की तीन वेगवेगळ्या गोष्टी सुरू होतात आणि आपण तिन्ही एकच समजतो. पहिली, सरकारी मदत. ती सरकारने ठरवली तर मिळते. प्रत्येक अपघाताला मिळतेच असं नाही. दुसरी, पोलीस केस. ती ड्रायव्हरच्या विरोधात सरकार चालवते. त्यात त्याला शिक्षा होईल किंवा तो सुटेल, पण आपल्या घरात चूल पेटावी म्हणून ती केस नसते. तिसरी, नुकसानभरपाईचा दावा. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो आणि गाडीचा मालक, विमा कंपनी किंवा एस.टी. महामंडळ यांच्याकडून रक्कम मिळवून देतो. ड्रायव्हरला शिक्षा झालेली नसली तरी हा दावा चालतो, त्यासाठी त्या केसच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

बचत गटाच्या बैठकांमधून मी हे किती वेळा ऐकलं असेल, "ताई, पोलीस केस चालू आहे ना, मंग पैसे भेटतीनच." नाही गं बाई. पोलीस केस दोन-तीन वर्षं चालत राहील आणि तेवढ्यात तुझ्या दाव्याची मुदत निघून जाईल.

ही मुदत आली कुठून, हे समजून घेण्यासारखं आहे. 1939 च्या जुन्या मोटार वाहन कायद्यात दाव्याला सहा महिने होते, पण योग्य कारण असेल तर न्यायाधिकरण उशीर माफ करू शकत असे. 1988 चा नवा कायदा आला तेव्हाही सहा महिनेच ठेवले, वर उशीर माफ करायलाही एक वर्षाची भिंत घातली. म्हणजे अपघाताला बारा महिने उलटले की दार कायमचं बंद. या भिंतीवर डोकं आपटून परतणारे कोण होते? अंगठा देणारी विधवा, म्हातारे आई-बाप, दवाखान्यातून वर्षाने उठलेला मजूर. त्यांच्यावर अन्याय होतो हे लक्षात आल्यावर संसदेने 1994 मध्ये कायदा बदलला आणि 14 नोव्हेंबर 1994 पासून मुदतच काढून टाकली. पुढे 27 वर्षांहून अधिक काळ देशात अपघाताच्या दाव्याला मुदत नव्हती. आपल्या भागातल्या जाणत्या माणसांच्या डोक्यात अजूनही तेच बसलं आहे. "घाई काय आहे, केव्हाही टाकता येते केस" असं वडीलधारी सांगतात ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या वेळी ते खरंच होतं.

2019 मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. दंड वाढले, हेल्मेटची चर्चा झाली, त्यावर विनोदही फिरले. त्याच दुरुस्तीत एक छोटं कलम गुपचूप परत आलं. दावा सहा महिन्यांतच दाखल करायचा. 1 एप्रिल 2022 पासून ते लागू झालं. आणि या वेळी उशीर माफ करायची तरतूदच ठेवली नाही. 1939 च्या इंग्रजी अमलातल्या कायद्यात होती तेवढी दयाही नाही.

मुदत घालण्यामागे काहीच कारण नाही, असं मी म्हणणार नाही. दहा-दहा वर्षांनी दावे येतात, साक्षीदार सापडत नाहीत, खोटे कागद जोडून विमा कंपनीकडून पैसे काढणारी टोळकीही असतात. हिशोब कधीतरी बंद व्हावा असं कंपनीला वाटणारच. पण मग इतरांशी तुलना करून बघा. कुणाला उसने दिलेले पैसे परत मिळवायला कायदा तीन वर्षं देतो. दुकानदाराने खराब फ्रीज दिला तर ग्राहक आयोगात जायला दोन वर्षं मिळतात, आणि योग्य कारण असेल तर उशीरही माफ होतो. रेल्वे अपघाताला एक वर्ष, तिथेही उशीर माफ होऊ शकतो. रस्त्यावर ज्याचा पाय तुटला किंवा जिचा नवरा गेला, तिला मात्र सहा महिने आणि वर एक दिवससुद्धा नाही. फ्रीजपेक्षा पाय स्वस्त ठरला की नाही?

आता हे सहा महिने घरात कसे जातात ते आपण बायाच सांगू शकतो. माणूस गेला की तेरवीपर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं. त्यानंतर घर एकदम रिकामं होतं आणि तिथून खरी परीक्षा. बऱ्याच घरांत नवऱ्यामागे बाईने काही महिने उंबरा ओलांडू नये, अशी अजूनही अपेक्षा असते. ती ठाण्यात, कोर्टात गेली तर "नवरा जाऊन महिना नाही झाला आणि पैशाच्या मागे लागली" हे ऐकवायला शेजारी तयारच. तेवढ्यात धानाची रोवणी येते नाहीतर कापणी येते. सोसायटीचं कर्ज, गटाचा हप्ता, पोरांची फी. आणि माणूस वाचला असेल तर नागपूरच्या मेडिकलच्या चकरा. एक ऑपरेशन झालं की दुसऱ्याची तारीख. सोबत राहणारी बाई वॉर्डातल्या फरशीवर झोपते, तिला वकील शोधायला कुठून वेळ मिळणार?

त्यात आणखी एक प्रकार चालतो. गाडीमालक गावातल्याच चार लोकांना घेऊन येतो. वीस-पंचवीस हजार हातावर ठेवतो आणि म्हणतो, "दवाखान्याचा खर्च मी बघतो, केस-बिस करू नका, आपण एकाच भागातले." पहिले दोन महिने फोन उचलतो. मग "पुढच्या आठवड्यात येतो" सुरू होतं. सहावा महिना संपला की फोन लागतच नाही. माझ्या माहितीतल्या एका बाईच्या बाबतीत नेमकं हेच झालं. ती म्हणाली, "मले कोणीच सांगतलं नाही का याले तारीख असते म्हणून." तिच्या नवऱ्याच्या पायात सळई आहे आणि शेत ठेक्याने दिलेलं आहे.

म्हणूनच हा प्रश्न फक्त वकिलांचा नाही. सहा महिन्यांची अट कागदावर बाई-पुरुष सगळ्यांना सारखी आहे, पण तिचं ओझं सारखं पडत नाही. ज्याच्या घरात शिकलेला भाऊ आहे, ओळखीचा वकील आहे, त्याचा दावा महिनाभरात दाखल होतो. मुदत चुकते ती एकटीची.

या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायालयाने एक दिलासा दिला. या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत न्यायाधिकरणांनी आणि उच्च न्यायालयांनी केवळ सहा महिने उलटले म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश काढला. म्हणजे ज्या बहिणींची मुदत टळून गेली आहे त्यांनी "संपलं सगळं" म्हणून घरी बसू नये. लगेच वकील गाठावा, या आदेशाचा उल्लेख करावा आणि दावा दाखल करावा. पण बाकीच्यांनी यावर विसंबून राहू नये. अंतरिम म्हणजे तात्पुरता. कलम रद्द झालेलं नाही. उद्या निकाल दुसरीकडे झुकला तर? पाऊस थांबलाय म्हणून कोणी कौलं फेरायचं सोडतं का? जिचा अपघात अलीकडचा आहे तिने सहा महिन्यांची तारीखच खरी धरावी.

याच दुरुस्तीत आपल्या बाजूचीही एक गोष्ट आहे आणि तीही सांगितली पाहिजे. अपघाताची पहिली माहिती पोलिसांनी 48 तासांत न्यायाधिकरणाला कळवायची असते. जखमींना किंवा मृताच्या वारसांना त्यांचे हक्क लेखी द्यायचे असतात. सविस्तर अहवाल 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. आणि कायदा म्हणतो, पोलिसांचा हा अहवालच भरपाईचा अर्ज समजावा. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याची नीट अंमलबजावणी करा, असे निर्देश दिले. हे खरंच झालं तर कोणत्याही बाईला मुदतीची भीती राहणार नाही, कारण तिच्या वतीने कागद आधीच पोचलेला असेल. म्हणून ठाण्यात गेल्यावर फक्त "केस कुठवर आली" एवढंच विचारू नका. विचारा, "न्यायाधिकरणाला अहवाल पाठवला का, कोणत्या तारखेला, त्याची प्रत द्या." प्रत मिळाली तर जपून ठेवा. टाळाटाळ झाली तर समजा की आपला दावा आपल्यालाच टाकायचा आहे.

दावा कुठे टाकायचा, यावरही बरेच जण अडतात. आपल्या भागातली पोरं कामाला नागपूर, पुणे, हैदराबादला जातात. बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात. अपघात तिकडे झाला की घरच्यांना वाटतं आता तिकडच्याच कोर्टात खेटे घालावे लागतील, आणि तिथेच हातपाय गळतात. तसं नाही. अपघात जिथे झाला तिथे, किंवा दावा करणारा जिथे राहतो तिथे, किंवा ज्याच्यावर दावा आहे तो जिथे राहतो तिथे, यातली जागा आपण निवडायची. म्हणजे कोंढ्याची बाई भंडाऱ्यालाच दावा टाकू शकते.

वकिलाच्या फीची काळजी असते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्नाचा दाखला न देताही मोफत वकील मिळतो. श्रीमंत-गरीब हा प्रश्नच नाही, ती बाई आहे एवढं पुरे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती. 15100 या नंबरवर फोन करूनही विचारता येतं.

आणखी एक गैरसमज आपल्या स्वतःच्याच मनात असतो. अपघातात बाई जखमी झाली तर घरातले म्हणतात, "ती काही कमवत नव्हती, तिचा काय दावा?" आणि तीही मान हलवते. न्यायालयाचं मत वेगळं आहे. 1989 मध्ये जमशेदपूरच्या टाटा कारखान्यातल्या कार्यक्रमात आग लागून अनेक बायका-मुलं गेली. त्या प्रकरणात 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाची किंमत महिन्याला 3000 रुपये धरली. जानेवारी 2021 मध्ये न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की घरकाम हे काम आहे आणि भरपाई ठरवताना गृहिणीचं उत्पन्न मानलंच पाहिजे. त्यामुळे हात मोडलेल्या गृहिणीलाही उपचाराचा खर्च, सोबतीला ठेवलेल्या माणसाचा खर्च, झालेला त्रास आणि पुढचं अपंगत्व या सगळ्यासाठी दावा करता येतो. सहा महिन्यांची मुदत तिलाही तेवढीच लागू आहे, म्हणून "आधी नवऱ्याचं बघू, माझं नंतर" हे इथे परवडणार नाही. आणि विधवा बहिणींसाठी एक गोष्ट, दुसरं लग्न केलं म्हणून भरपाईचा हक्क जात नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं आहे. सासरचे काहीही म्हणोत.

गाडी ठोकून पळून गेली आणि नंबरच सापडला नाही, तर? तेव्हा विमा कंपनी कोणती हेच कळत नाही. त्यासाठी वेगळी योजना आहे. 1 एप्रिल 2022 पासून अशा अपघातात मृत्यू झाल्यास वारसांना 2 लाख आणि गंभीर जखमीला 50 हजार मिळतात. हा अर्ज कोर्टात नाही, अपघात जिथे झाला तिथल्या तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा. महामार्गावर पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघालेल्या माणसाच्या घरी ही माहिती हवी.

रस्त्याशिवायच्या अपघातांनाही आपापली मुदत आहे. राईस मिलमध्ये, वीटभट्टीवर काम करताना इजा झाली तर मालकाविरुद्ध भरपाईचा दावा दोन वर्षांत करायचा. दवाखान्याच्या हलगर्जीपणाची तक्रार ग्राहक आयोगात, तीही दोन वर्षांत. शेतात साप चावला, वीज पडली, करंट लागला तर 2023 पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यूसाठी 2 लाखांची ही मदत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे मागायची आणि अर्ज 30 दिवसांच्या आत द्यायचा. पवनी-कऱ्हांडल्याच्या जंगलालगतच्या गावांत वाघ-बिबट्या, रानडुकराने हल्ला केला तर वनविभागाला शक्यतो 48 तासांत कळवायचं. आणि बँकेच्या पासबुकात वर्षाला 20 रुपये कापल्याची नोंद दिसते ना? तो बहुधा पंतप्रधान सुरक्षा विमा आहे. अपघाती मृत्यूला 2 लाख. त्याचा अर्ज बँकेत, शक्यतो 30 दिवसांत. कितीतरी घरांत माणूस गेल्यावर पासबुक उघडूनही बघत नाहीत.

मग करायचं काय? एफ.आय.आर. आणि पंचनाम्याची प्रत घ्या. दवाखान्याचं प्रत्येक बिल, औषधाची चिठ्ठी, एक्स-रे एका पिशवीत ठेवा, झेरॉक्स वेगळी ठेवा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करून दाखला काढा. शवविच्छेदन अहवाल मागा. गाडीचा नंबर आणि विम्याचे कागद पोलिसांकडून मिळवा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो, पण त्यासाठी दावा थांबवू नका. दावा आधी टाका, प्रमाणपत्र मागाहून जोडता येतं. भरपाईचं खातं बाईच्या एकटीच्या नावाचं असू द्या, कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि अपघाताच्या तारखेत सहा महिने मिळवून येणारी तारीख घरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून ठेवा.

हे एकटीने करणं कठीण आहे, हे मला माहीत आहे. म्हणून माझं मागणं गटातल्या बायांना आहे. गावात अपघात झाला की आपण सांत्वनाला जातोच, भाजी-भाकरी पोचवतो. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा एकदा जावं आणि कागदांचं विचारावं. तिला ठाण्यात जायला लाज वाटत असेल तर दोघी-तिघींनी सोबत जावं. बायकांची फळी सोबत असली की गावही "पैशाच्या मागे लागली" असं म्हणत नाही. ग्रामपंचायतीकडेही मागणी करता येईल, अपघाती मृत्यूचा दाखला देताना या सगळ्या मुदतींचा एक छापील कागद सोबत द्या. एका पानाचा खर्च आहे, ग्रामसभेत ठराव मांडायला हरकत नाही.

आणि सरकारकडे मागणं एवढंच. मुदत ठेवायचीच असेल तर निदान योग्य कारण असल्यास उशीर माफ करायची मुभा द्या, जशी ग्राहकाला आणि रेल्वे प्रवाशाला आहे. सुतकातल्या बाईने वकील गाठायला सातवा महिना लावला, हे कारण न्यायाधीशांसमोर मांडता तरी आलं पाहिजे. ते पटायचं की नाही ते न्यायाधीश ठरवतील. पण कारण ऐकूनच घेतलं जाणार नाही, असा कायदा असू नये.